मुंबई ते लंडन : अंतर, काळ आणि घड्याळ

सामान्य ज्ञानाचा पाठ



आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांतून हल्लीं कोणी ना कोणी परदेशीं गेलेलें असतें. कोणाची कन्या इंग्लंडांत परिचारिकेचें काम करिते, कोणाचा पुत्र तेथें उच्च शिक्षणासाठीं राहिला आहे. असें माणूस प्रथमच विमानानें निघालें, म्हणजे घरचीं वडील मंडळी तिकिटाचा कागद घेऊन शाळामास्तरांकडे किंवा गांवच्या उपदेशकांकडे येतात व विचारतात, "आमचें लेंकरूं पोहोंचणार तरी केव्हां?"

हा प्रश्न दिसावयास एक आहे, परंतु वस्तुतः त्यांत तीन प्रश्न एकत्र गुंतलेले आहेत. मुंबईपासून लंडन किती दूर आहे, हा पहिला. तें अंतर तोडावयास विमानास किती तास लागतात, हा दुसरा. विमान उतरेल तेव्हां तेथें किती वाजले असतील व येथें किती, हा तिसरा. ह्या तिहींचीं उत्तरें वेगवेगळ्या कारणांवर अवलंबून असतात. जो त्यांची गल्लत करितो, तो विनाकारण काळजींत पडतो आणि दुसऱ्यासही काळजींत पाडितो. म्हणून ह्या पाठांत आपण ते तीन प्रश्न एकेक करून सोडवूं.

१. अंतर कसें मोजावें

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असतो. त्यावर मुंबई व लंडन ह्यांच्या दरम्यान पट्टी ठेवून रेघ ओढली, तर तीच सर्वांत जवळची वाट असें कोणासही वाटेल. परंतु पृथ्वी कागदासारखी सपाट नाहीं. गोल वस्तूवरील चित्र सपाट कागदावर उतरवावयाचें, तर तें कोठें तरी ताणावेंच लागतें. संत्र्याची साल काढून ती पाटावर दाबून पाहा. ती फाटल्यावांचून सपाट होत नाहीं. गेरार्डस मर्केटर ह्या नकाशाकारानें इ. स. १५६९ मध्यें जी रीत काढली, तिच्या नमुन्याचे नकाशे पुष्कळ शाळांतून दिसतात. त्यांत विषुववृत्ताजवळचे देश जवळजवळ योग्य प्रमाणांत असतात, परंतु उत्तरेकडील व दक्षिणेकडील देश फार ताणले जातात. म्हणून अशा नकाशावरील सरळ रेघ ही पृथ्वीवरील सर्वांत जवळची वाट नव्हे.

खरें अंतर पाहावयाचें असेल, तर पृथ्वीचा गोल घ्यावा व एक दोरा घ्यावा. दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर दाबून धरावें, दुसरें लंडनवर न्यावें व दोरा घट्ट ओढावा. ओढलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. आतां तोच दोरा गोलाच्या विषुववृत्ताभोंवतीं गुंडाळून पूर्ण फेरा किती लांब आहे तें पाहावें. पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्या गोलाचा घेर १०० सेंटिमीटर भरला, तर एका सेंटिमीटरास ४०० किलोमीटर असें प्रमाण झालें. मुंबई व लंडन ह्यांमधील दोरा अशा गोलावर सुमारें १८ सेंटिमीटर भरतो. अठरांस चारशेंनीं गुणिलें म्हणजे ७,२०० किलोमीटर, अर्थात् सुमारें ४,५०० मैल, हें उत्तर येतें. मोठमोठ्या यंत्रांनीं काढलेलें उत्तरही ह्याच्याच अगदीं जवळ आहे.

दोरा कोणकोणत्या देशांवरून जातो तेंही मुलांकडून वाचून घ्यावें. मुंबईहून तो वायव्येस निघतो. गुजराथ, पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण भाग, कॉकेशस पर्वताचा प्रदेश, काळा समुद्र, युक्रेनचा दक्षिण भाग, पोलंड व जर्मनी ह्यांवरून तो लंडनास पोहोंचतो. हीं नांवें ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

सपाट नकाशा किती फसवितो ह्याचें याहूनही ठळक उदाहरण पाहिजे असेल, तर गोलावर दिल्ली व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को ह्यांमध्यें दोरा ओढून पाहा. सॅन फ्रॅन्सिस्को ही आपल्या पूर्वेस कीं पश्चिमेस, असा वाद नकाशापुढें उभें राहून घालतां येईल. दोरा मात्र बहुतेक सरळ उत्तरेस जातो, सैबीरिया ओलांडतो, बर्फाळ आर्क्टिक महासागरावरून वळतो आणि उत्तरेकडूनच अमेरिकेंत उतरतो. त्याची लांबी सुमारें १२,४०० किलोमीटर भरते.

२. अंतर तेंच, काळ निराळा

दोन शहरांमधील अंतर बदलत नाहीं, परंतु तें तोडण्यास लागणारा काळ मनुष्याच्या साधनांप्रमाणें बदलत आला आहे. मुंबई व लंडन ह्यांच्या इतिहासांत हें फार स्पष्ट दिसतें.

सुएझचा कालवा होण्यापूर्वीं जहाजें संपूर्ण आफ्रिका खंडास वळसा घालून जात. ती वाट सुमारें २०,००० किलोमीटरांची होती, आणि शिडाच्या जहाजांस त्या प्रवासांत कित्येक महिने लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा उघडला व समुद्राची वाट सुमारें साडेअकरा हजार किलोमीटरांवर आली. त्याच सुमारास आगबोटींचा प्रसार होत होता. वाट अर्ध्याच्या जवळपास आली आणि वाऱ्याची मिनतवारी संपली, तेव्हां महिन्यांच्या ठिकाणीं आठवडे आले. १८८३ सालीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या त्या अशाच आगबोटीनें. त्या काळीं विलायतेहून आलेलें पत्र म्हणजे कित्येक दिवसांपूर्वींची हकीकत असे. पत्र लिहिणारा आजारी आहे असें वाचावें, तों तो बरा झालेला असावा किंवा ह्या जगांत नसावा, असा तो काळ होता.

३० मार्च १९२९ रोजीं लंडन व कराची ह्यांच्या दरम्यान विमानाची नियमित टपाल व उतारूंची सेवा सुरूं झाली. त्या प्रवासास सात दिवस लागत. रात्रीं विमान उडत नसे, उतारूंस वाटेंत मुक्काम करावा लागे, आणि वाटेचा कांहीं भाग तर आगगाडीनें काटावा लागे. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे एका लहानशा विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईस जुहू येथें उतरले. अशा रीतीनें मुंबई त्या आकाशमार्गास जोडली गेली.

८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनास जाणारें एअर-इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान निघालें. त्याचें नांव 'मलबार प्रिन्सेस' असें होतें. कायरो व जिनिव्हा येथें थांबत थांबत तें १० जून रोजीं लंडनास पोहोंचलें. वाटेंत थांबण्याचें मुख्य कारण इंधन. चार पंख्यांचें तें विमान एका दमांत एवढा पल्ला गांठूं शकत नसे. १९६० सालीं जेट विमानें ह्या मार्गावर आलीं व वेग बहुतेक दुप्पट झाला. त्यानंतर इंजिनांत सुधारणा होत होत मधले मुक्कामही गळून पडले. मुंबईस बसावें तें एकदम लंडनास उतरावें, अशी स्थिति आली.

तेव्हां महिने, मग आठवडे, मग दिवस आणि आतां तास, असा हा काळ आंखडत आला. दोरा मात्र त्याच १८ सेंटिमीटरांचा राहिला.

३. वेग आणि वारा

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. मोठें जेट विमान ताशीं सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. ७,२०० किलोमीटरांस ९०० नीं भागिलें, तर आठ तास येतात. परंतु मुंबईहून लंडनास जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकांत बहुधा साडेनऊ ते दहा तास दिलेले असतात, आणि लंडनहून मुंबईस परततांना सुमारें नऊ. मग आपला गुणाकार-भागाकार चुकला काय?

चुकला नाहीं. परंतु तो अपुरा आहे. पहिली गोष्ट अशी कीं, तिकिटावरील वेळ ही विमान आपल्या जागेवरून हालल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभें राहीपर्यंतची असते. धांवपट्टीपर्यंत जाणें, तेथें आपल्या पाळीची वाट पाहणें, उतरण्यापूर्वीं लंडनच्या आकाशांत घिरट्या घालणें, हें सर्व तींत धरलेलें असतें. दुसरें असें कीं, वर चढतांना व खालीं उतरतांना विमानाचा वेग कमी असतो. तिसरें असें कीं, विमान दोऱ्याच्या वाटेनें तंतोतंत जाऊं शकत नाहीं. त्याचें एक कारण पुढील भागांत येईल. आणि चौथें, सर्वांत मोठें कारण वारा हें होय.

जमिनीपासून सुमारें नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, जेथून हीं विमानें जातात, तेथें पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रबळ वाऱ्याचे पट्टे आहेत. विषुववृत्ताकडील हवा उष्ण व ध्रुवांकडील थंड असते. ह्या भेदामुळें हवा हालूं लागते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें ती पूर्वेकडे वळते. ह्या पट्ट्यांतील वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून पुष्कळदां अधिक असतो, व हिंवाळ्यांत तो विशेष वाढतो.

नदींत नाव चालविणारा हें लगेच समजेल. प्रवाहाबरोबर जातांना नाव झपाट्यानें जाते व उलट येतांना वल्हीं मारून हात भरून येतात. नाव तीच, नावाडी तोच आणि दोन घाटांमधील अंतरही तेंच. विमान हें हवेच्या नदींतील नाव आहे. मुंबईहून लंडनास जाणें म्हणजे पश्चिमेस, प्रवाहाविरुद्ध जाणें. परतणें म्हणजे प्रवाहाबरोबर येणें.

हिशेब असा. वारा ताशीं १०० किलोमीटर आहे असें धरा. जातांना विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग ९०० उणें १००, म्हणजे ८०० झाला. ७,२०० भागिलें ८००, म्हणजे ९ तास. येतांना वेग ९०० अधिक १००, म्हणजे १,००० झाला. ७,२०० भागिलें १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटें. वारा मुळींच नसता तर प्रत्येक बाजूस ८ तास लागले असते. येथें एक गोष्ट नीट पाहावी. जातांना वाऱ्यानें एक तास घेतला, परंतु येतांना फक्त ४८ मिनिटेंच परत दिलीं. कारण विरुद्ध वाऱ्यांत विमान अधिक वेळ राहतें व अनुकूल वाऱ्यांत कमी वेळ. जो म्हणेल कीं वारा जातां-येतां फिटंफाट होतो, त्याला हा हिशेब दाखवावा.

वाऱ्याचें बळ किती, ह्याचा एक पुरावा ऑक्टोबर १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्यें, आपल्याच देशाच्या विमानानें दिला. दिल्लीहून सॅन फ्रॅन्सिस्कोस जाणारें एअर इंडियाचें विमान त्यापूर्वीं पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारें १३,९०० किलोमीटरांची होती. त्या महिन्यांत तें पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यांत आलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनीं अधिक लांब. तरीही पाठीशीं वारा असल्यामुळें विमान सुमारें साडेचौदा तासांत पोहोंचलें, आणि पूर्वींपेक्षां जवळजवळ दोन तास वांचले. जवळची वाट तीच लवकरची वाट, हा नियम आकाशांत नेहमीं खरा ठरत नाहीं.

४. आकाशांतील कुंपणें

वर पाहिलें तर आकाशास कोठें बांध दिसत नाहीं. परंतु प्रत्येक देशाच्या जमिनीवरील आकाश त्या देशाच्या सत्तेखालीं असतें, आणि परवानगीवांचून त्यांतून कोणास जातां येत नाहीं. म्हणून दोऱ्याखालच्या देशांत तंटा उपस्थित झाला, तर त्याचा परिणाम आपल्या गांवच्या उतारूवरही होतो.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजीं पाकिस्ताननें आपलें आकाश बंद केलें. तें पूर्णपणें उघडावयास १६ जुलै उजाडला. तोंपर्यंत भारतांतून पश्चिमेस जाणाऱ्या पुष्कळ विमानांस वळसा घालावा लागला. एप्रिल २०२५ मध्यें पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्ताननें भारतीय विमानांस पुन्हां मज्जाव केला, व भारतानेंही पाकिस्तानी विमानांस तसाच मज्जाव केला. ही बंदी अन्य देशांच्या विमानांस लागू नव्हती. म्हणजे एकाच शहरांतून एकाच शहरास निघालेल्या दोन विमानांच्या वाटा, तीं कोणत्या देशाचीं आहेत ह्यावरून वेगळ्या होऊं शकत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली व त्याच दिवशीं युक्रेनचें आकाश नागरी विमानांस बंद झालें. आपला दोरा पाकिस्तानवरून व युक्रेनवरून जातो हें मागें पाहिलेंच आहे.

असा वळसा पडला म्हणजे वेळ जातो, इंधन अधिक लागतें, भाडें वाढतें, आणि उतारू कुरकुर करितात. परंतु पुढील हकीकत वाचल्यावर वळसा वाईटच असें कोणी म्हणणार नाहीं. जुलै २०१४ मध्यें युक्रेनच्या पूर्व भागांत लढाई चालू होती. तेथील अधिकाऱ्यांनीं ३२,००० फुटांखालील आकाश नागरी विमानांस बंद केलें होतें. त्यावरचें आकाश मोकळें होतें. १७ जुलै रोजीं ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपुरास जाणारें मलेशियाचें एक विमान तेथून ३३,००० फुटांवरून जात होतें. नियमाप्रमाणें तें योग्य उंचीवर होतें. परंतु जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानें तें पाडलें गेलें व त्यांतील २९८ माणसें, लहान मुलांसह, मरण पावलीं. तसेंच ८ जानेवारी २०२० रोजीं तेहरानहून निघालेलें युक्रेनचें एक विमान इराणी सैन्याच्या क्षेपणास्त्रांनीं पाडलें व १७६ माणसें गेलीं. त्या माणसांचा त्या तंट्यांशीं कांहीं संबंध नव्हता. तीं केवळ प्रवास करीत होतीं.

म्हणून विमानास उशीर होणार अशी सूचना आली, किंवा तें दूरच्या वाटेनें जात आहे असें कळलें, तर घरच्या माणसांनीं धास्ती घेऊं नये. बहुतेक वेळां तो उशीर कोणी तरी विचार करून पत्करिलेला असतो. खेड्यांतही पुराच्या दिवशीं ओढ्यांतून जवळची वाट असतां शहाणा मनुष्य पुलावरूनच जातो.

५. घड्याळाचा घोटाळा

आतां तिसरा प्रश्न. तिकिटावर असें लिहिलें आहे असें समजा : मुंबईहून दुपारीं १ वाजतां निघणार, लंडनास त्याच दिवशीं सायंकाळीं ५ वाजून १५ मिनिटांनीं पोहोंचणार. घरचा मनुष्य हिशेब करितो कीं सवाचार तासांचा प्रवास आहे. सव्वापांच वाजतात, सहा वाजतात, आठ वाजतात. दूरध्वनि येत नाहीं. रात्रीचे दहा वाजतात तेव्हां घरांत कोणी जेवत नाहीं. त्या वेळीं वास्तविक विमान युरोप खंडावरून सुखरूप चाललेलें असतें.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणें छापलेली असते, ही एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळें हें दुःख होतें. पृथ्वी २४ तासांत एक फेरा, म्हणजे ३६० अंश फिरते. म्हणून एका तासास १५ अंश झाले. सूर्य पूर्वेकडील गांवास आधीं दिसतो व पश्चिमेकडील गांवास मागाहून. लंडनजवळील ग्रिनिच येथून रेखांश मोजतात. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे. ८२॥ भागिलें १५, म्हणजे साडेपांच. म्हणून भारताचें घड्याळ ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असतें.

ही प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. परंतु मुंबई शहरानें आपली स्वतंत्र वेळ पुढेंही बरींच वर्षें, १९५५ पर्यंत, चालविली. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. एकाच शहरांत दोन वेळा असल्या म्हणजे किती घोटाळा होत असेल ह्याची कल्पना करावी. सर्व देशास एकच घड्याळ असणें ही केवढी सोय आहे, हें त्यावरून कळतें.

इंग्लंडांत मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत घड्याळें एक तास पुढें करितात. म्हणून उन्हाळ्यांत आपल्यामध्यें व त्यांच्यामध्यें साडेचार तासांचें अंतर असतें व हिंवाळ्यांत साडेपांच तासांचें. हा नियम लिहून भिंतीवर लावून ठेवावा.

आतां वरचें तिकीट पुन्हां वाचूं. दिवस हिंवाळ्याचे आहेत असें धरा. लंडनचे सायंकाळचे ५-१५, त्यांत साडेपांच तास मिळविले, म्हणजे आपले रात्रीचे १०-४५ झाले. दुपारीं १ पासून रात्रीं १०-४५ पर्यंत पावणेदहा तास. हा खरा प्रवास. परततांना उलट भास होतो. लंडनहून रात्रीं ९ वाजतां निघालेलें विमान मुंबईस दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११-३० वाजतां पोहोंचतें असें तिकिटावर असलें, तर तो साडेचौदा तासांचा प्रवास वाटतो. परंतु लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडील पहाटेपूर्वींचे २-३०. तेथून ११-३० पर्यंत फक्त नऊ तास.

नियम थोडक्यांत असा : दोन्ही वेळा प्रथम एकाच घड्याळाच्या कराव्या, मगच वजाबाकी करावी.

६. घरापासून घरापर्यंत

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. विमानाचे तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. जालन्याहून निघणाऱ्या उतारूचें उदाहरण घ्या. जालना ते मुंबई हें अंतर चारशेंहून थोडें अधिक किलोमीटर आहे, आणि आगगाडीस बहुधा सात-आठ तास लागतात. म्हणजे पहिल्या चारशें किलोमीटरांस जवळजवळ तेवढाच वेळ गेला, जेवढा पुढील सात हजारांस लागणार आहे. परदेशीं जाणाऱ्यानें विमान सुटण्यापूर्वीं तीन तास विमानतळावर हजर असावें. उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामान मिळविणें व शहरांत जाणें ह्यांस आणखी दोन-तीन तास जातात. ही बेरीज केली तर घरापासून मुक्कामापर्यंत पुरा एक दिवस धरून चालावें, आणि विमान उतरल्याबरोबर निरोप येईल अशी अपेक्षा धरूं नये. तेथें उतरल्यावर शरीराचें घड्याळ मात्र मुंबईचेंच राहतें. झोंप व भूक नव्या वेळेवर यावयास कांहीं दिवस लागतात. जे मधुमेहाचें किंवा दुसरें औषध ठराविक वेळीं घेतात, त्यांनीं प्रवासांतील वेळा निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारून लिहून घ्याव्या.

शाळामास्तर व उपदेशक ह्यांस विनंति आहे कीं, गांवांतील कोणाचें माणूस निघणार असेल तेव्हां त्यांनीं तिकीट पाहून, आपल्या घड्याळाप्रमाणें निघण्याची व पोहोंचण्याची वेळ मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून त्या घरीं द्यावी. आणि खालीं लिहावें कीं, त्यापुढें तीन तास वाट पाहावी. पांच मिनिटांच्या ह्या कामानें एखाद्या आईची एक रात्र वांचेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. सपाट नकाशावरील सरळ रेघ ही सर्वांत जवळची वाट कां नव्हे? संत्र्याच्या सालीच्या दृष्टांतानें सांगा.

२. १२० सेंटिमीटर घेराच्या गोलावर मुंबई ते लंडन हा दोरा किती लांब भरेल?

३. विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर व वारा ताशीं १८० किलोमीटर असतां ७,२०० किलोमीटर जावयास विरुद्ध वाऱ्यांत किती वेळ लागेल व अनुकूल वाऱ्यांत किती? वाऱ्यानें किती घेतलें व किती परत दिलें?

४. दिल्लीहून सॅन फ्रॅन्सिस्कोस दूरच्या वाटेनें गेलेलें विमान लवकर कां पोहोंचलें?

५. जुलै महिन्यांत लंडनास दुपारचे २ वाजले असतां आपल्या गांवीं किती वाजले असतील? जानेवारींत किती?

उत्तरें : (२) सुमारें २१॥ सेंटिमीटर. (३) विरुद्ध वाऱ्यांत १० तास, अनुकूल वाऱ्यांत ६ तास ४० मिनिटें. घेतले २ तास, परत दिला १ तास २० मिनिटें. (५) सायंकाळचे ६-३०; जानेवारींत ७-३०. पहिल्या व चवथ्या प्रश्नाचें उत्तर पाठांत आहे. तें मुलांनीं आपल्या शब्दांत सांगावें.